लक्षणं नसलेल्या रुग्णांचं पुढे काय झालं?

जपानच्या आयची प्रांतात ओकाझाकी नावाचं शहर आहे. फुजिता आरोग्य विद्यापीठाचं एक नवं रुग्णालय तिथे बांधून तयार होतं आणि एप्रिल २०२० मध्ये ते सुरू व्हायचं होतं. त्याआधीच, १९ ते २६ फेब्रुवारीच्या दरम्यान, १२८ माणसं तिथे येऊन दाखल झाली. त्यांतल्या ९६ जणांच्या घशातल्या नमुन्यात करोनाचा विषाणू सापडला होता, पण नमुना घेतला तेव्हा त्यांना ताप, खोकला, अंगदुखी असं काहीही होत नव्हतं. उरलेले ३२ जण त्यांच्याच खोलीत राहणारे होते. त्यांची चाचणी निगेटिव्ह आली होती. ही सगळी माणसं ‘डायमंड प्रिन्सेस’ या प्रवासी जहाजावरून आली होती.

रुग्णालयात सहसा दुखणं घेऊन माणूस जातो. इथे दुखणं नसलेल्यांना दाखल करून घेतलं होतं, कारण जपानने १ फेब्रुवारीपासून या आजाराला कायद्याने विशेष संसर्गाचा दर्जा दिला होता आणि पॉझिटिव्ह व्यक्तीला रुग्णालयात ठेवणं हा त्याचा भाग होता. त्यामुळे एक गोष्ट आपोआप साधली. अशी माणसं पुढे आजारी पडतात का, पडली तर कधी, विषाणू त्यांच्या शरीरात किती दिवस राहतो, हे डॉक्टरांना रोजच्या रोज पाहता आलं. एरवी हे कळणं जवळजवळ अशक्य असतं. ज्याला काही होत नाही तो दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि जो येत नाही त्याची नोंदही होत नाही.

जहाजाची हकीकत थोडक्यात अशी. २० जानेवारी २०२० रोजी ते योकोहामाहून निघालं. २५ जानेवारीला हाँगकाँगला उतरलेला एक प्रवासी १ फेब्रुवारीला पॉझिटिव्ह निघाला. ३ तारखेला जहाज योकोहामाला परतलं आणि ५ तारखेपासून त्यावरच्या ३,७११ माणसांचं विलगीकरण सुरू झालं. अखेरीस ७१२ जणांना संसर्ग झाल्याचं निष्पन्न झालं. आपल्याला या जहाजाबद्दल जवळीक वाटावी असं कारण आहे. त्यावर १३८ भारतीय होते आणि त्यांतले १३२ जण कर्मचारी होते. गोव्यातली आणि मुंबईतली कित्येक घरं अशा जहाजांवरच्या नोकऱ्यांवर चालतात. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद असताना त्यांच्या दारापर्यंत जेवण पोचवण्याचं काम हेच कर्मचारी करत होते आणि रात्री दाटीवाटीच्या सामायिक खोल्यांत झोपत होते. भारतीयांपैकी १६ जणांना संसर्ग झाला. उरलेल्यांतल्या ११९ जणांना २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानाने दिल्लीला आणण्यात आलं.

शास्त्रज्ञांच्या दृष्टीने या जहाजाचं महत्त्व वेगळंच होतं. इथे तक्रार नसलेल्यांचीही चाचणी झाली. २० फेब्रुवारीपर्यंत ६३४ जण पॉझिटिव्ह आले होते आणि त्यांतल्या ३२८ जणांना चाचणीच्या वेळी कोणतंही लक्षण नव्हतं. म्हणजे निम्म्याहून जास्त! पण हा आकडा फसवा आहे. ज्याला परवा संसर्ग झाला आणि आज चाचणी झाली, त्याला लक्षणं दिसायला अजून दोन-तीन दिवस असू शकतात. त्याला बिनलक्षणाचा म्हणून मोजलं, तर ती मोजणी घाईची ठरते. केंजी मिझुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही घाई गणिताने दुरुस्त केली आणि अखेरपर्यंत काहीच न होणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १७.९ टक्के असावं असा अंदाज मांडला. निम्म्याहून अधिक आणि अठरा टक्के, दोन्ही आकडे एकाच जहाजाचे.

म्हणूनच ओकाझाकीची नोंद मोलाची आहे. तिथे अंदाज बांधायची गरज नव्हती, वाट पाहिली तरी पुरत होतं.

त्या ९६ जणांपैकी ११ जणांना पुढे लक्षणं दिसली. पहिल्या पॉझिटिव्ह चाचणीपासून मोजलं, तर साधारण चौथ्या दिवशी. कुणाला तिसऱ्या, कुणाला सातव्या. सातव्या दिवसानंतर मात्र कुणालाही नाही. निगेटिव्ह म्हणून सोबत आलेल्या ३२ जणांपैकी ८ जण रुग्णालयात आल्यावर ७२ तासांच्या आत पॉझिटिव्ह निघाले, पण त्यांनाही काही त्रास झाला नाही. शेवटपर्यंत लक्षणांशिवाय राहिलेल्यांपैकी ९० जणांची सविस्तर माहिती डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. त्यांचं मध्यक वय ५९.५ होतं. सर्वांत लहान ९ वर्षांचा होता, सर्वांत मोठा ७७ चा. पाचांतल्या एकाला रक्तदाब होता, काहींना मधुमेहही होता. पहिल्या पॉझिटिव्ह चाचणीपासून पहिल्या निगेटिव्ह चाचणीपर्यंतचा मध्यक काळ ९ दिवसांचा भरला. आठव्या दिवसापर्यंत ४८ टक्के आणि पंधराव्या दिवसापर्यंत ९० टक्के लोक विषाणूमुक्त झाले होते. वय जितकं जास्त तितका विषाणू जायला उशीर.

मला या नोंदीत सर्वांत बोलका वाटतो तो साठीच्या आसपासचा वयोगट. लक्षणं न दिसणं ही तरुणांची मिरासदारी आहे, असं तेव्हा बऱ्याच जणांनी गृहीत धरलं होतं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा साठीचा माणूस विषाणू अंगात घेऊन खडखडीत राहू शकतो, हे ओकाझाकीने दाखवलं. मात्र हा गट काहीसा चाळणीतून उरलेला होता हेही सांगायला हवं. जहाजावर ज्यांना आधीच ताप-खोकला सुरू झाला होता, ते या ९६ जणांत नव्हतेच. त्यामुळे ९६ पैकी ११ हे प्रमाण उचलून साऱ्या जगाला लावता येत नाही.

त्याच जहाजावरचे १०४ जण टोकियोतल्या जपानी स्वसंरक्षण दलाच्या मध्यवर्ती रुग्णालयात दाखल झाले होते. त्यांचं मध्यक वय ६८. दाखल होताना ४३ जणांना लक्षणं नव्हती, आणि त्यांतल्या १० जणांना पुढे ती दिसली. जवळपास चारांतला एक. डॉक्टरांनी मागे वळून त्यांचे रक्ताचे अहवाल पाहिले, तेव्हा एक दुवा सापडला. पेशींना इजा झाली की एलडीएच नावाचं विकर रक्तात वाढतं. पुढे लक्षणं दिसलेल्या १० पैकी ५ जणांमध्ये दाखल होतानाच ते वाढलेलं होतं. शेवटपर्यंत ठणठणीत राहिलेल्या ३३ जणांत मात्र अवघ्या ४ जणांमध्ये. माणूस ‘मला काही होत नाही’ असं मनापासून सांगत होता, आणि त्याच वेळी त्याचं रक्त वेगळं काही सांगत होतं.

याच रुग्णालयातल्या ११२ जणांचे छातीचे सीटी स्कॅन तपासले गेले, आणि तो निष्कर्ष चकित करणारा होता. ८२ जणांना लक्षणं नव्हती. त्यांतल्या ४४ जणांच्या, म्हणजे ५४ टक्के लोकांच्या फुप्फुसांत न्यूमोनियाच्या खुणा होत्या. लक्षणं असलेल्या ३० जणांत हे प्रमाण ८० टक्के होतं. निरोगी फुप्फुस स्कॅनमध्ये काळं दिसतं, कारण ते हवेने भरलेलं असतं. इथे त्या काळ्या भागावर बाथरूमच्या खिडकीच्या दुधी काचेसारखे धूसर डाग होते. हवेच्या पिशव्यांच्या भिंती किंचित सुजल्या, त्यांत थोडा द्रव साठला, पण त्या पूर्ण भरल्या नाहीत, की असं दिसतं.

न्यूमोनिया असून धाप कशी लागत नाही? शरीर श्वासाची गरज कशी ओळखतं यात याचं उत्तर आहे. गुदमरल्याची भावना मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे येते. प्राणवायू थोडा घसरला तर मेंदू तितक्या तातडीने हाक देत नाही. करोनाच्या सुरुवातीच्या टप्प्यात फुप्फुसाचे काही भाग निकामी झाले, तरी उरलेले लवचीक भाग कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत राहतात. छाती आखडत नाही, श्वास जड होत नाही. शिवाय निरोगी माणसाच्या फुप्फुसांत गरजेपेक्षा पुष्कळ अधिक क्षमता शिल्लक असते. थोडी गेल्याचं घरात वावरताना जाणवत नाही, जिना चढताना जाणवेल. बऱ्याच जणांमध्ये हे डाग लहान असतात आणि काही न करता आपोआप विरतात. थोड्यांमध्ये ते पसरतात, आणि माणूस बोलत-चालत असतानाच त्याचा प्राणवायू नव्वदच्या खाली गेलेला असतो.

महाराष्ट्रात ऑक्सिमीटर घरोघरी पोचला तो याच कारणाने. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक दारोदार जाऊन तापमान आणि प्राणवायू मोजत होते. सहा मिनिटं चालून पुन्हा बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, ही चाचणीही तेव्हाच आपल्याकडे रुजली. चालल्यावर आकडा लक्षणीय घसरला, तर बसल्या जागी न दिसणारी फुप्फुसाची तूट उघड होते. यंत्र नसतानाही घड्याळ लावून चालता येतं, आणि धाप लागते का हे पाहता येतं. मला ही चाचणी त्या काळातल्या सर्वांत शहाण्या सूचनांपैकी एक वाटते, कारण ती माणसाच्या ‘मी बरा आहे’ या शब्दावर विसंबत नाही. एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. गडद त्वचेच्या माणसांत ऑक्सिमीटर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो, हे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय रुग्णांच्या तुलनेतून समोर आलं. आपल्या देशात याची चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

सीटी स्कॅनच्या बाबतीत मात्र आपण उलट्या टोकाला गेलो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ‘स्कोअर किती आला?’ हा प्रश्न नात्यागोत्यात, सोसायटीत, फोनवर सारखा ऐकू यायचा. काही त्रास नसलेली माणसंही पॉझिटिव्ह अहवाल हातात पडताच एचआरसीटी, म्हणजे छातीचा सीटी स्कॅन, करून घेत होती, आणि स्कोअर दोन-तीन इतका कमी आला तरी घर हादरत होतं. जपानी रुग्णालयाचा आकडा इथे उपयोगी पडला असता. लक्षणं नसलेल्या निम्म्याहून अधिक लोकांत डाग सापडणारच होते, आणि बहुतेकांचे उपचाराशिवाय जाणार होते. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात सीटी स्कॅन करू नका, असं जाहीरपणे सांगितलं, ते याच कारणाने. डाग दिसला म्हणून स्टेरॉइड सुरू करणं तर घातकच होतं. प्राणवायू व्यवस्थित असलेल्या रुग्णाला स्टेरॉइडचा फायदा होत नाही, उलट नुकसान होऊ शकतं, हे ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीतून २०२० च्या मध्यालाच दिसलं होतं.

आता दक्षिण कोरियाकडे वळू, कारण तिथली नोंद ओकाझाकीशी जुळत नाही आणि म्हणूनच ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. मार्च २०२० मध्ये चॉनान शहराजवळच्या एका विलगीकरण केंद्रात ३०३ जण होते. मध्यक वय फक्त २५. त्यांतल्या ११० जणांना सुरुवातीला लक्षणं नव्हती. २१ जणांना पुढे ती दिसली, ८९ जणांना शेवटपर्यंत नाही. इथवर चित्र ओळखीचं आहे. पण या २१ जणांना लक्षणं दिसायला चाचणीपासून मध्यक १५ दिवस लागले. जपानमध्ये चार, इथे पंधरा! एवढा फरक का? घड्याळ संसर्गापासून नव्हे तर चाचणीपासून सुरू होतं, आणि चाचणी कधी झाली हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. लक्षण कशाला म्हणायचं हेही वेगळं असतं. महिनाभर बंद खोलीत असलेल्या तरुणाला रोज विचारलं, तर कधीतरी घसा खवखवणारच, आणि तो करोनामुळेच खवखवला हे ठरवणं सोपं नाही. माझा स्वतःचा कल जपानी आकड्याकडे आहे, कारण तो इतर ठिकाणच्या निरीक्षणांशी अधिक जुळतो.

कोरियातल्या त्या अभ्यासाचा खरा धक्का दुसरीकडे होता. लक्षणं असलेल्या आणि नसलेल्यांच्या नाकाघशात विषाणूचं प्रमाण सारखंच होतं. विषाणूच्या खुणा निघून जायला पहिल्यांना मध्यक १९.५ दिवस लागले, दुसऱ्यांना १७. अर्थात आरटी-पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकांचे तुकडे शोधते, आणि मेलेल्या विषाणूचे तुकडेही त्यात सापडतात. जिवंत विषाणू आहे का हे पाहायचं तर तो प्रयोगशाळेत पेशींवर वाढवून पाहावा लागतो.

ते काम अमेरिकेत झालं, आणि ते फार दुःखद ठिकाणी झालं. वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीतल्या एका वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात मार्च २०२० मध्ये रहिवाशांची सरसकट चाचणी करण्यात आली. ७६ पैकी ४८ रहिवासी पॉझिटिव्ह आले. २७ जणांना चाचणीच्या वेळी काहीच लक्षण नव्हतं. पुढच्या काही दिवसांत त्या २७ पैकी २४ जण आजारी पडले, मध्यक चौथ्या दिवशी. आणि या अजून आजारी न पडलेल्या २४ जणांपैकी १७ जणांच्या नमुन्यातून जिवंत, वाढणारा विषाणू मिळाला. त्या केंद्रातल्या संसर्ग झालेल्या ५७ रहिवाशांपैकी १५ जण एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत दगावले होते.

ओकाझाकीत ९६ पैकी ११, इथे २७ पैकी २४. चाचणीच्या दिवशी दोन्ही गटांच्या कागदावर एकच शेरा होता. वय, आधीची दुखणी, आणि चाचणी संसर्गानंतर कितव्या दिवशी झाली, यांनी त्या शेऱ्याचा अर्थ पार बदलून टाकला. म्हणून ऐंशीच्या आजीचा अहवाल पॉझिटिव्ह आला आणि तिला काही होत नसलं, तर तो दिलासा आजपुरताच धरायचा. पुढचा आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तिच्याजवळ बसून ती नीट जेवते का, गोंधळल्यासारखी बोलते का, हे पाहायचं. वृद्धांत ताप येतोच असं नाही. कधी फक्त ग्लानी येते, कधी जेवणावरची वासना उडते, आणि घरचे ते वयावर ढकलतात.

आज लक्षणं नसणं आणि शेवटपर्यंत ती न येणं, हा फरक नीट न सांगितल्याने जागतिक पातळीवरही गोंधळ झाला. ८ जून २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या मारिया व्हॅन केरखोव्ह यांनी लक्षणं नसलेल्यांकडून संसर्ग पसरणं फार दुर्मीळ दिसतं, असं पत्रकार परिषदेत म्हटलं. त्यांना शेवटपर्यंत लक्षणं न दिसणारे लोक अभिप्रेत होते. ऐकणाऱ्यांनी आज लक्षणं नसलेले सगळेच धरले, आणि मास्क कशाला हवा इथपर्यंत गोष्ट गेली. दुसऱ्याच दिवशी खुलासा करावा लागला. पुढे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या संशोधकांनी जानेवारी २०२१ मध्ये गणिती प्रारूपातून हिशेब मांडला. एकूण प्रसारातला सुमारे ५९ टक्के वाटा लक्षणं नसलेल्यांचा असावा, त्यातला ३५ टक्के लक्षणं येण्याआधीच्या टप्प्यातल्या लोकांचा आणि २४ टक्के कधीच लक्षणं न येणाऱ्यांचा, असा तो हिशेब होता.

मुंबईत अशा लक्षणं नसलेल्या लोकांच्या संख्येचा अंदाज जुलै २०२० मध्ये आला. महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने माटुंगा, चेंबूर आणि दहिसर भागांतल्या सुमारे सात हजार लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडं तपासली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता, इमारतींत १६ टक्के. तेव्हाच्या अधिकृत रुग्णसंख्येशी हे प्रमाण कुठेच जुळत नव्हतं. असंख्य माणसांना विषाणू येऊन गेल्याचा पत्ताच लागला नव्हता, किंवा कणकण वाटली तरी रोजगार बुडेल म्हणून ती कामावर गेली होती. या दोन गोष्टी कागदावर सारख्या दिसतात, माणसाच्या आयुष्यात त्या फार वेगळ्या आहेत. वस्तीत रुग्णवाहिका आली की ‘मला काही होत नाही, मग मला का नेता?’ असं विचारणाऱ्याचा प्रश्न रास्त होता, आणि एका खोलीत आठ जण राहत असताना त्याला नेणंही रास्त होतं.

नियमही हळूहळू बदलले. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने सौम्य रुग्णांना दहा दिवसांनी पुन्हा चाचणी न करता घरी सोडायला परवानगी दिली, आणि जुलैमध्ये लक्षणं नसलेल्यांना घरीच अलग राहण्याची मुभा मिळाली. चाचणी तीन आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, पण सौम्य आजारात दहा दिवसांनंतर जिवंत विषाणू क्वचितच सापडतो, हे तोवर कळू लागलं होतं. ‘निगेटिव्ह आल्याशिवाय सोसायटीत पाऊल ठेवू देणार नाही’ म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं होतं.

काहींना काहीच का होत नाही, याचं एक उत्तर जुलै २०२३ मध्ये मिळालं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जिल हॉलेनबाख आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या अस्थिमज्जादात्यांच्या नोंदणीचा कल्पक वापर केला. या दात्यांची एचएलए ही प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकं आधीच तपासलेली असतात. जवळपास ३० हजार दात्यांनी मोबाइलवरून आपल्या तब्येतीची माहिती कळवली. लस घेण्याआधी संसर्ग झालेले १,४२८ जण त्यांत सापडले, आणि त्यांतल्या १३६ जणांना कोणतंही लक्षण आलं नव्हतं. या १३६ पैकी पाचांतल्या एकाकडे एचएलए-बी१५:०१ हे जनुकरूप होतं. लक्षणं आलेल्यांत ते ९ टक्क्यांकडे होतं. दोन्ही पालकांकडून ते मिळालेल्यांना लक्षणं न येण्याची शक्यता आठपटींहून अधिक होती. या लोकांच्या टी-पेशींना जुन्या, साध्या सर्दीच्या करोना विषाणूंची ओळख होती. नव्या विषाणूतला एक तुकडा त्या जुन्या तुकड्याशी मिळताजुळता निघाला, आणि त्या पेशी लगेच कामाला लागल्या. पूर्वीच्या सर्दीने केलेली तयारी इथे उपयोगी पडली होती.

पण पाचांतल्या चौघांकडे हे जनुकरूप नव्हतं. लंडनमध्ये १८ ते २९ वयाच्या निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम, ठरावीक मात्रेत विषाणू देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात संसर्ग झालेल्या १८ पैकी दोघांना काहीच लक्षण आलं नाही. मात्रा तीच, मार्ग तोच, वय जवळपास सारखं, आणि विषाणूचं प्रमाण व लक्षणांची तीव्रता यांचा आपसांत मेळ लागला नाही. विषाणू शरीरात किती वाढतो आणि शरीर त्यावर किती गजबज करतं, या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि ताप-खोकला ही बहुतांशी त्या दुसऱ्या घटनेची निष्पत्ती आहे. दोघांचं शरीर गजबज न करता विषाणूला कसं आवरू शकलं, याचा शोध आता प्रतिकारशक्तीचे अभ्यासक घेत आहेत.